छप्पर कोणाच्या खाती? अमेरिकेतील खासगी सहाय्यित निवासाच्या खर्चाचा इतिहास

अमेरिकेत ‘असिस्टेड लिव्हिंग’ या नावाने ओळखला जाणारा सहाय्यित निवास ही वृद्धाश्रम आणि रुग्णालय यांच्या मधली व्यवस्था आहे. तेथे वृद्धाला स्वतःची खोली वा छोटेसे घर, जेवणखाण आणि अंघोळ, कपडे, औषधे अशा रोजच्या गोष्टींत माणसांची मदत मिळते, परंतु अहोरात्र वैद्यकीय शुश्रूषा मिळत नाही. जेनवर्थ या विमा कंपनीच्या पाहणीनुसार अशा निवासाचा मध्यक खर्च, म्हणजे ज्याच्याहून निम्म्या ठिकाणी कमी आणि निम्म्या ठिकाणी अधिक आकार पडतो असा आकडा, 2004 मध्ये वर्षाला 28,800 डॉलर होता आणि 2024 मध्ये तो 70,800 डॉलरवर पोहोचला. त्याच 2024 च्या आरंभी सोशल सिक्युरिटी या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून निवृत्त कामगाराला महिन्याला सरासरी 1,907 डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे 22,900 डॉलर मिळत होते. या दोन आकड्यांमधील अंतराचे कारण सहसा जमिनीच्या किमतीत, सेवकांच्या वेतनात किंवा गुंतवणूकदारांच्या हावेत शोधले जाते. ही कारणे खोटी नाहीत, पण त्यांतून आकार का वाढला एवढेच कळते. तो वृद्धाच्याच खिशातून का जातो, हे समजण्यासाठी 1935 पासूनचे कायदे पाहावे लागतात, कारण वृद्धाचे छप्पर आणि वृद्धाची सेवा या दोन वेगळ्या बाबी आहेत, असे त्या कायद्यांनी हळूहळू ठरवून टाकले.

वसाहतकाळात या दोन्ही बाबी एकत्रच होत्या. इंग्लंडच्या 1601 च्या गरीब कायद्याचा वारसा घेऊन आलेल्या वसाहतींत निराधारांना पोसण्याची जबाबदारी गावावर असे, आणि ती पार पाडण्याच्या पद्धतींमध्ये एक विलक्षण पद्धत अशी होती की निराधारांचा उलटा लिलाव होई: त्यांना सांभाळण्यासाठी जो सर्वांत कमी पैसे मागेल, त्याच्या घरी त्यांची रवानगी केली जाई. न्यूयॉर्क राज्याचे सचिव येट्स यांनी 1824 मध्ये सादर केलेल्या अहवालात अशा पद्धतींतील क्रौर्य आणि उधळपट्टी दाखवून दिली, आणि त्याच वर्षी त्या राज्याने प्रत्येक काउंटीत (काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) सार्वजनिक निराधारगृह उभारण्याचा कायदा केला. या ‘पुअरहाउस’मध्ये वृद्ध, अनाथ मुले, मनोरुग्ण आणि भटके एकाच छपराखाली कोंबले जात. पुढे मुलांसाठी अनाथालये आणि मनोरुग्णांसाठी वेगळी रुग्णालये निघाली, त्यामुळे मागे उरले ते मुख्यतः म्हातारे, आणि 1923 पर्यंत निराधारगृहांतील सुमारे दोन तृतीयांश लोक वृद्ध होते. तेथे निवारा, अन्न आणि जमेल तशी शुश्रूषा एकाच सार्वजनिक खात्यातून मिळे. मोबदला द्यावा लागे तो अब्रूचा.

ज्यांना ही नामुष्की टाळायची होती त्यांच्यासाठी धर्मादाय संस्थांची घरे होती. फिलाडेल्फियात 1817 मध्ये निराधार विधवा आणि एकाकी स्त्रियांसाठी स्थापन झालेली संस्था त्यांतील आरंभीची मानली जाते. पुढे विविध पंथांची चर्च, वांशिक समाज आणि बंधुमंडळे यांनीही अशी घरे काढली. परंतु ‘धर्मादाय’ या शब्दावरून वाटते तितकी ती मुक्तद्वार नव्हती. प्रवेशशुल्क आणि सच्छीलतेची शिफारसपत्रे मागितली जात, आणि अनेक ठिकाणी आजीव सांभाळाचा करार होई, ज्यात वृद्धाने आपली सारी मालमत्ता संस्थेच्या हवाली करायची आणि संस्थेने त्याला अखेरपर्यंत पोसायचे. वृद्धापकाळाचा निवारा परवडण्याचा प्रश्न, आज तो नवा भासत असला, तरी एकोणिसाव्या शतकातल्या या करारांत पुरता मांडलेला दिसतो.

निराधारगृहांविषयीचा तिटकारा 1930 च्या दशकातील महामंदीत राजकीय शक्ती बनला. कॅलिफोर्नियातील डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी साठीपुढील प्रत्येकाला महिन्याला 200 डॉलर देण्याची मागणी लोकप्रिय केली. अब्राहम एपस्टाइन यांच्यासारखे कार्यकर्ते तर त्याआधीपासून वृद्धांना संस्थेत डांबण्याऐवजी त्यांच्या हाती पैसे द्यावेत असे सांगत होते. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 14 ऑगस्ट 1935 रोजी स्वाक्षरी केलेल्या सोशल सिक्युरिटी कायद्यात कामगारांच्या निवृत्तिवेतनाबरोबरच गरजू वृद्धांसाठी मासिक साहाय्याची तरतूद होती. दरमहा 30 डॉलरपर्यंतच्या साहाय्यातील निम्मा वाटा संघराज्य सरकार राज्यांना देणार होते. मात्र सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्या वृद्धासाठी हा वाटा मिळणार नव्हता. हेतू स्वच्छ होता: निराधारगृहे ओस पडावीत आणि म्हाताऱ्यांनी आपापल्या घरी सन्मानाने राहावे. पण निराधारगृहात पडलेल्यांपैकी कित्येक जण केवळ गरीब नव्हते, ते अंथरुणाला खिळलेले, दृष्टी गेलेले, स्मृती ढळलेले होते, आणि त्यांच्या हातात महिन्याचे पैसे दिल्याने त्यांना उठता-बसता येणार नव्हते. त्यांना कोणाच्या तरी आधाराने राहणे भाग होते, आणि तो आधार सार्वजनिक असल्यास साहाय्य बुडत होते. साहजिकच खासगी घरांना बहर आला. एखादी परिचारिका किंवा विधवा स्वतःच्या घरातील खोल्या भाड्याने देऊन साहाय्याच्या रकमेवर चार-सहा वृद्ध सांभाळू लागली. काही काउंट्यांनी तर निराधारगृहाची इमारतच खासगी चालकाला भाड्याने दिली, आणि कालपर्यंतचे आश्रित त्याच इमारतीत, बहुधा त्याच खाटेवर, आता भाडेकरू म्हणून राहू लागले. अमेरिकेतील वृद्धनिवासाचा खासगी बाजार व्यापाऱ्यांच्या चातुर्यापेक्षा या एका निषेधात्मक कलमातून अधिक जन्मला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढच्या तीन दशकांत या घरांची रुग्णालये होत गेली. सोशल सिक्युरिटी कायद्याच्या 1950 च्या दुरुस्तीने अशा घरांना परवाने देण्याची व्यवस्था राज्यांना करावी लागली, 1954 मध्ये रुग्णालय-बांधणीचे सरकारी अनुदान बिगरनफा शुश्रूषागृहांना खुले झाले, आणि 1959 पासून नफ्यासाठी चालणाऱ्या शुश्रूषागृहांच्या बांधकाम-कर्जालाही सरकारी हमी मिळू लागली. येथे शुश्रूषागृह, म्हणजे अमेरिकेतील ‘नर्सिंग होम’, हे महाराष्ट्रात समजले जाते तसे डॉक्टरचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे, तर परावलंबी वृद्धांना दीर्घकाळ ठेवणारी संस्था. 1965 मध्ये दोन मोठ्या योजना आल्या. मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्यविम्याने रुग्णालयातून सुटल्यानंतर जास्तीत जास्त 100 दिवसांची कुशल शुश्रूषा तेवढी स्वीकारली, नुसता दैनंदिन सांभाळ नाकारला. मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेने मात्र शुश्रूषागृहातील वास्तव्याचा खाटेसह, अन्नासह सगळा भार उचलला. अट एवढीच की वृद्धाने आधी जवळजवळ सर्व बचत संपवावी, पुढच्या काळात बहुतेक राज्यांत 2,000 डॉलरखाली आणावी, आणि आपले मासिक उत्पन्नही किरकोळ हातखर्च वगळता संस्थेला द्यावे. छप्पर आणि सेवा पुन्हा एकत्र आली खरी, पण रुग्णालयासारख्या मार्गिका आणि दोघा-तिघांची खोली असलेल्या इमारतीतच.

या इमारतींविरुद्धच्या बंडाचे नाव सहाय्यित निवास. केरेन ब्राउन विल्सन यांच्या आईला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि पुढे तिला शुश्रूषागृहांत दिवस काढावे लागले. पुढे वृद्धत्वशास्त्राच्या अभ्यासक झालेल्या विल्सन यांनी 1983 मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलँड शहरात ‘पार्क प्लेस’ नावाची 112 घरांची वास्तू उभी केली. प्रत्येक घराला आतून कुलूप लावता येणारे दार, छोटे स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणीघर. तापमान किती ठेवायचे, काय खायचे, कोणाला आत घ्यायचे हे राहणाऱ्याने ठरवायचे. शुश्रूषागृहाच्या पायरीवर असलेला परावलंबी माणूस असा राहू शकतो ही कल्पनाच तेव्हा अनेकांना धोकादायक वाटली, पण राज्याने परिणाम तपासले तेव्हा रहिवाशांचे समाधान वाढले आणि आरोग्य टिकून राहिले, शिवाय सरकारी साहाय्यावर असलेल्यांचा खर्चही शुश्रूषागृहापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी भरला. हे साधले त्यामागे 1981 चा एक कायदा होता. त्यानुसार राज्यांना मेडिकेडचे नेहमीचे नियम शिथिल करून, म्हणजे ‘वेव्हर’ घेऊन, संस्थेबाहेर सेवा पुरवता येऊ लागल्या, आणि अशी परवानगी मिळवणारे पहिले राज्य ओरेगनच होते. परंतु त्या कायद्याने अट घातली की हा पैसा सेवेवर खर्च करावा, भाडे आणि जेवण यांवर नव्हे. कोणीही आपापल्या घरी राहताना भाडे भरतोच, हा त्यामागचा तर्क वरवर पाहता बिनतोड आहे. फक्त जो माणूस आधाराशिवाय आपल्या घरी राहूच शकत नाही, त्याला तो लागू करणे अवघड जाते. ओरेगनने गरीब रहिवाशांच्या भाड्यावर मर्यादा घालून वाट काढली, पण इतर बहुतेक राज्यांत तशी इच्छा वा तसा पैसा नव्हता.

त्याच 1981 मध्ये पॉल आणि टेरी क्लासेन या दांपत्याने व्हर्जिनियातील ओक्टन येथे जुने शुश्रूषागृह विकत घेऊन ‘सनराइज’ची सुरुवात केली होती. त्यांना प्रेरणा नेदरलँड्समधील वृद्धनिवासांची होती, ग्राहक मात्र स्वतःच्या पैशाने येणारा. 1996 मध्ये सनराइजचे समभाग बाजारात आले, आणि त्या दशकात भांडवलाचा ओघ ज्या नमुन्याकडे वळला तो ओक्टनचा होता, पोर्टलँडचा नव्हे. विल्सन यांच्या कंपनीने छोट्या गावांत, मेडिकेडवरच्या वृद्धांनाही घेणारी घरे बांधण्याचा प्रयत्न केला. तीही भांडवल बाजारात गेली, अडचणीत आली आणि 2000 मध्ये विल्सन बाहेर पडल्या. आकारणीची जी रीत रुजली तिच्यात मूळ भाडे वेगळे आणि मदतीच्या ‘पातळी’प्रमाणे वाढणारी रक्कम वेगळी असते, त्यामुळे गुडघा अधू झाला किंवा विस्मरण वाढले की देयकही वाढते. आज सहाय्यित निवासातील पाचांपैकी एकाचीही सेवा मेडिकेडच्या पैशाने होत नाही. 2024 मध्ये अत्यंत गरीब वृद्धाला मिळणारे संघराज्याचे पूरक वेतन महिन्याला कमाल 943 डॉलर होते; एवढ्यात भाडे आणि जेवण भागवणारे ठिकाण राज्याने मदतीचा हात दिल्याखेरीज सापडत नाही. परिणामी महागड्या शुश्रूषागृहाचा छपरासह उरलेला खर्च सरकार सोसते आणि स्वस्त पर्यायातील छप्पर वृद्धाच्या माथी राहते.

सर्वांत कोंडी झाली ती मधल्या थराची. ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने 2029 मध्ये पंचाहत्तरीपुढील मध्यम उत्पन्नाचे 1 कोटी 44 लाख अमेरिकन असतील आणि त्यांतील 54 टक्क्यांना, घरासह सर्व मालमत्ता धरूनही, असा निवास परवडणार नाही असा अंदाज वर्तवला. दीर्घकालीन सांभाळाचा खासगी विमा हा यावरचा तोडगा म्हणून पुढे आला होता, पण लोक किती काळ जगतील, किती जण मध्येच विमा सोडतील आणि व्याजदर किती राहतील, हे तिन्ही हिशेब चुकल्याने कंपन्यांनी हप्ते भरमसाट वाढवले आणि बहुतेकींनी हा व्यवसायच सोडला. 2010 च्या आरोग्यसुधारणा कायद्यात सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या आग्रहाने आलेली ऐच्छिक राष्ट्रीय विमा योजना, ती आर्थिकदृष्ट्या तगणार नाही असे ठरवून सरकारने 2011 मध्ये गुंडाळली आणि 2013 च्या आरंभी कायद्यातूनही ती वगळण्यात आली. मुलांनी कायमच्या वास्तव्यासाठी बोलावून घेतलेल्या भारतीय, आणि म्हणून मराठीही, आईवडिलांची स्थिती याहून अडचणीची आहे, कारण 1996 च्या कायद्याने नव्या स्थलांतरितांना संघराज्याच्या मेडिकेडपासून साधारणपणे पहिली पाच वर्षे दूर ठेवले आहे, आणि अमेरिकेत पुरेशी वर्षे काम केलेले नसल्याने त्यांच्या नावावर निवृत्तिवेतनही नसते.

वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये सक्तीच्या वर्गणीचा मार्ग धरला: जुलै 2023 पासून वेतनाच्या 0.58 टक्के कपात, आणि त्या बदल्यात जुलै 2026 पासून पात्र व्यक्तीला आयुष्यभरात 36,500 डॉलरपर्यंतचा, महागाईनुसार वाढवता येणारा लाभ. नोव्हेंबर 2024 मध्ये ही सक्ती काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. राष्ट्रीय मध्यक दराने ही रक्कम सहाय्यित निवासाच्या सहा महिन्यांना पुरते.