पाण्यांतील बुडबुडे आणि उजेडाचें माप

सन १७७९ हें साल उच्चारतांच पुणेकरांस वडगांवची लढाई आठवते. पुण्यावर चालून येणाऱ्या इंग्रज फौजेस मराठ्यांनीं त्या जानेवारींत वडगांवीं कोंडलें आणि तह करावयास लाविलें. त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत, तिकडे लंडन शहराजवळ, यान इंगेनहाऊस नांवाचा एक डच वैद्य झाडांचीं पानें पाण्यांत बुडवून त्यांकडे टक लावून बसला होता. लढायांचीं सालें आम्ही शिक्षकांनीं मुलांकडून घोकून घेतलीं. या पानांची हकीकत मात्र दोन ओळींत उरकली. ती आज सांगावयाची आहे.

मेणबत्ती जळून दूषित झालेली हवा वनस्पतीच्या सहवासानें पुन्हां शुद्ध होते, हें प्रीस्टले या इंग्रज पंडितानें आधींच दाखविलें होतें. परंतु त्याचा प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. इंगेनहाऊसनें त्या एका उन्हाळ्यांत ५०० हून अधिक प्रयोग केले. उन्हांत ठेविलेल्या पानांवर बुडबुडे धरत. अंधारांत ते थांबत. नुसत्या उबेनें कांहीं साधत नसे. तेव्हां कारण उष्णता नव्हे, प्रकाश होय, हें ठरलें. प्रकाशाच्या बळावर पाणी व कर्बाम्लवायु यांपासून वनस्पति आपलें अन्न करते आणि प्राणवायु बाहेर टाकते. यासच आज आपण प्रकाशसंश्लेषण म्हणतों.

येथें पाण्याचा उपकार ध्यानांत घ्यावा. वडापिंपळाचा प्राणवायु हवेंत मिसळून जातो, तो कोणास दिसणार? पाणवनस्पतीचा मात्र बुडबुडा होऊन वर येतो, आणि बुडबुडा मोजतां येतो. म्हणून पुढील शतकांत शास्त्रज्ञांनीं पाणवनस्पति हातीं धरल्या. दिवा दुप्पट दूर नेला कीं उजेड चौथाईवर येतो, आणि मंद उजेडांत बुडबुडेहि त्याच मानानें घटतात. उलट दिवा जवळ जवळ आणीत गेलें, तर एका मर्यादेनंतर ते वाढेनातसे होतात. केंब्रिजच्या ब्लॅकमन यांनीं १९०५ सालीं याचा उलगडा केला. ज्या कामास अनेक गोष्टी लागतात, तें काम त्यांतील सर्वांत तोकड्या गोष्टीच्या मापानें चालतें. चुलींतील विस्तव कितीहि वाढविला, तरी परातींतलें पीठ संपल्यावर भाकरी कशी होणार? कर्बाम्लवायु हें वनस्पतीचें पीठ. पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा, कीं बुडबुडे पुन्हां वाढूं लागतात.

हिंदुस्थानांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं या विषयास हात घातला. मनुष्याचा डोळा थकतो, हात चुकतो; म्हणून हायड्रिला या आपल्या तळ्यांतूनहि आढळणाऱ्या वनस्पतीच्या बुडबुड्यांची नोंद यंत्रानें आपोआप व्हावी, अशी योजना त्यांनीं केली. या संशोधनाचा त्यांचा ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

याच हायड्रिलाच्या फांद्या चंचुपात्रांत, उपड्या नरसाळ्याखालीं ठेवून मीं वर्षानुवर्षें मुलांना प्रयोग दाखविला. एकदां आषाढांतील झडीच्या दिवशीं, वर्गांत अंधारून आलेलें असतां, एकहि बुडबुडा येईना. तास संपत आला होता. मीं म्हणालों, "प्रयोग फसला. पुस्तकांतलें उत्तर उतरून घ्या." एक मुलगा उठून म्हणाला, "सर, बुडबुडे आलेच नाहींत, मग आले असें कसें लिहूं?" मीं त्यास खालीं बसविलें. प्रयोग फसलाच नव्हता, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. उजेड किती कमी आहे, तेंच ती वनस्पति सांगत होती, ऐकणारा चुकला.

पाषाणच्या तलावाकाठीं गेलों कीं तो मुलगा आठवतो. तेथें, तसेंच मुळा-मुठेच्या पात्रांत, दक्षिण अमेरिकेंतून आलेली जलपर्णी सांडपाण्यावर पोसून दाट पसरते. हिरवें दिसतें म्हणून पाहणारा सुखावतो. परंतु ती आपला प्राणवायु हवेंत सोडते आणि पाण्यांत जाणारा उजेड मात्र अडविते. उजेड घटतां घटतां एक वेळ अशी येते, कीं बुडालेली वनस्पति जितका प्राणवायु निर्माण करते तितकाच स्वतःच्या श्वसनांत खर्च करते. त्याहूनहि उजेड घटला, तर ती पाण्यांतलाच प्राणवायु घेऊं लागते. कुजणाऱ्या पाल्याची त्यांत भर पडते, आणि अखेर मासे गुदमरतात. तेथेंहि बुडबुडे थांबलेले असतात. पण मोजावयास कोणी बसत नाहीं.

श्रोतेहो, घरीं मुलें असतील तर हायड्रिलाची एक ताजी फांदी काचेच्या भांड्यांत घालून खिडकींत ठेवा. उन्हांत बुडबुडे मोजा, ढग आल्यावर पुन्हां मोजा. आणि वहींत जें दिसेल तेंच त्यांना लिहूं द्या.