धूळ पकडली, पण कोणासाठी?

सायक्लोन म्हणजे इथे वादळ नव्हे, तर लोखंडी शंकू. धूर आत गरगर फिरतो, जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली घसरतात. फिरणारा एकही भाग नाही! पिठाच्या गिरण्यांत ही युक्ती आधीच होती.

25 मे 1942 ला अमेरिकेत बॅटन रूजला स्टँडर्ड ऑइलचं पहिलं फ्लुइड क्रॅकिंग युनिट सुरू झालं. युद्धातल्या विमानांना पेट्रोल हवं होतं. त्यातल्या उत्प्रेरकाची बारीक पावडर धुराबरोबर उडायची, म्हणून सायक्लोन. पावडर महाग होती ना! पुढे त्याच धुरावर टर्बाइन चालवायची ठरली, तेव्हा पाती झिजू नयेत म्हणून तिसऱ्या टप्प्याचे सेपरेटर आले. शेजारच्या माणसांची फुप्फुसं या हिशोबात फार उशिरा आली. तेव्हाच्या नव्या युनिटांना 1000 किलो कोक जाळताना 1 किलो धूळ, ही अमेरिकी मर्यादा 1974 मध्ये आली.

आणि 2.5 मायक्रॉनखालची, सगळ्यात घातक धूळ सायक्लोनमधून बरीचशी निसटतेच. माहुलच्या रिफायनऱ्यांतही अशी युनिटं आहेत. त्यामुळे ‘सायक्लोन आहेत की’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: त्यांच्या पुढे स्क्रबर किंवा ईएसपी आहे का, आणि चिमणीचे आकडे कुठे बघायला मिळतील?