गिऱ्हाईक नसलेली वस्तू

परवा ओट्याखालची कचऱ्याची बादली मी जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली. चहाचा चोथा, भेंडीचे देठ, कांद्याची टरफलं, शिळ्या भाकरीचा तुकडा. निम्म्याहून जास्त ऐवज ओलाच. मग दोन दुधाच्या पिशव्या, शाम्पूची पुडी, पार्सलची चिकटपट्टी आणि तळाशी माझाच एक विरलेला सदरा. घरातल्यांनी नाकं मुरडली. मला त्या सदऱ्यावरून कागजीपुरा आठवला.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागतं. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, त्या लवाजम्यामागे कागद करणारे कागजी इथे आले, असं सांगतात. त्यांचा कच्चा माल म्हणजे चिंध्या. सुती चिंध्या नि जुनं गोणपाट चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, कुटायचं, धुवायचं, लगदा हौदात कालवून साच्यावर पातळ थर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. नीट घोटला नाही तर शाई फुटणार. मराठेशाहीच्या दफ्तरांत दौलताबादी कागदाला मान होता. कुणाचं तरी फाटकं धोतर असं सरकारी हिशेबाला लागायचं.

तेव्हा घराबाहेर पडायचं तरी काय? राख भांडी घासायला. शेण, केर, खरकटं उकिरड्यावर. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. मला ही म्हण उकिरड्यावर अन्याय करणारी वाटते. त्याचे पांग दर उन्हाळ्यात फिटायचे, खताच्या गाड्या शेताकडे निघाल्या की.

शहरातही पुष्कळ काळ गिऱ्हाइकं टिकून होती. जुन्या साड्यांवर पातेलं देणारी बोहारीण, आणि साडीची जर पारखताना तिच्याशी चाललेली ती तासाभराची घासाघीस! रद्दीवाला, भंगारवाला. पितळेला वेगळा भाव, पत्र्याला वेगळा. ज्याला कुणीच भाव देत नव्हतं, ते तेवढं शहराबाहेर नारेगावच्या कचरा डेपोवर जाऊ लागलं. तिथे काही दशकं शहराचा कचरा न निवडता, ओला-सुका एकत्रच साचला. ओलं कुजलं, सुकं बरबटलं. ज्याला भाव मिळाला असता त्याचाही गेला. ढिगाऱ्यातून जे वाचलं ते कचरावेचकांच्या हातांनी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. तेव्हाच्या औरंगाबादेत रोज ४०० टनांवर कचरा निघायचा. तो रस्त्यारस्त्यावर साठला. ७ मार्चला तो मिटमिटा भागात नेताना दगडफेक झाली, गाड्या जळल्या, लाठ्या चालल्या. ओला-सुका वेगळा करा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतंच. शहराला ते नाकाने वाचावं लागलं. त्याच मार्चमध्ये राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं आली आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प.

परत माझ्या बादलीकडे. ओल्याचं खत किंवा गॅस होईल, पण त्यात शाम्पूची पुडी नसली तर. दुधाची पिशवी धुऊन दिली तर भंगारवाला घेतो. तिचा कापलेला कोपरा मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. तो मोरीतून थेट नाल्यात. म्हणून हल्ली मी कोपरा अर्धवटच कापतो, लोंबता ठेवतो. पुडीला गिऱ्हाईक नाही: प्लास्टिक आणि चकचकीत पदर एकमेकांना असे चिकटलेले की सोडवण्याचा खर्च मालापेक्षा जास्त.

सदरा मी उचलून ठेवला. चिंधीपासून कागद करणारे हात कागजीपुऱ्यात आजही आहेत, त्यांना देता येईल म्हणून. मग कॉलरच्या आतली पट्टी वाचली. ६५ टक्के पॉलिस्टर. चुन्यात कितीही मुरवला तरी त्याचा लगदा होणार नाही.