लिनक्सच्या पडद्यावरील पक्षभेद आणि मराठी अक्षर

लिनक्स वापरणाऱ्यांत 'केडीई' आणि 'ग्नोम' असे दोन पक्ष पडले, ते केवळ आवडीनिवडीमुळे, असा एक समज रूढ आहे. तो पुराव्याशी जुळत नाही. या वादाचे मूळ परवान्याच्या प्रश्नात आहे.

ऑक्टोबर १९९६ मध्ये माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने सामान्य माणसास वापरता येईल असा पडदा लिनक्ससाठी रचण्याचे आवाहन केले. त्यातून केडीई जन्मास आला. त्यासाठी निवडलेले 'क्यूटी' हे साधन नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचे होते. ते विनामूल्य मिळे. परंतु त्यात फेरफार करून ते वाटण्याची मोकळीक नव्हती. मुक्त प्रणालीचा दर्शनी भागच परक्याच्या मर्जीवर अवलंबून राहावा, हे अनेकांस रुचले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी ग्नोमची घोषणा केली, ती याच कारणास्तव. पुढील वर्षी डेबियनने केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकला. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आले आणि भांडणाचे मूळ कारण संपले. पक्ष मात्र उरले!

यानंतरचा कलह सवयीचा होय. ग्नोमची मंडळी पर्याय कमी करण्याकडे झुकली, तर केडीईने प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्याच्या हाती ठेवली. खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केडीईची शिफारस केली. पुढे केडीईची चौथी आवृत्ती न पटल्याने ते ग्नोमकडे वळले, आणि २०११ मध्ये ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीस कंटाळून एक्सएफसीईकडे गेले. त्याच आवृत्तीवरील नाराजीतून माटे आणि सिनॅमन हे दोन नवे पडदे निघाले. उबुंटूने २०११ मध्ये मांडलेला 'युनिटी' हा वेगळा संसार २०१७ मध्ये मोडून पुन्हा ग्नोमचा आश्रय घेतला.

मराठी भाषकांस या दुफळीची किंमत दुहेरी श्रमांनी मोजावी लागली. पडद्यावरील प्रत्येक आज्ञेचे भाषांतर दोन ठिकाणी करावयाचे. मुंबईतील इंडलिनक्सने व पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयाने भारतीय भाषांसाठी खटपट केली. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' टंक जीपीएल परवान्याखाली खुले केले. पण टंक असून भागत नाही. जोडाक्षर, वेलांटी, रफार यांची मांडणी करणारे यंत्रही लागते, आणि ते ग्नोमकडे 'पँगो', तर केडीईकडे क्यूटी असे निरनिराळे होते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद ज्या एका लहानशा खुणेवर तगतो, ती खूण हिंदीत नाही. त्यामुळे हिंदीवर बेतलेली मांडणी मराठीस पुरत नाही. तो भेद एका पडद्यावर पाळला गेला म्हणून दुसऱ्यावरही पाळला जाईल, याची हमी नव्हती. मराठी लेखकाने पक्ष निवडावा तो या कसोटीवर, हे पडद्याच्या रंगरूपावरील वादात सहसा कोणी विचारात घेतले नाही.

अखेर दोन्ही बाजूंनी या एका कामापुरता समेट केला. अक्षरमांडणीची त्यांची संकेतावली एकत्र येऊन 'हार्फबझ' तयार झाले. हे नाव फारसी आहे, आणि त्यातील 'हर्फ' म्हणजे मराठीतील 'हरफ'च. २०१२ पासून पँगोने व त्यानंतर क्यूटीने त्याची नवी आवृत्ती स्वीकारली; मराठी अक्षर आता दोन्ही पडद्यांवर एकाच यंत्रातून उमटते.