पुतळा कीं मूर्ति? : शिर्डीच्या एका शिल्पाची कुळकथा

अहमदनगर जिल्ह्यास सन २०२४ पासून सरकारदरबारीं अहिल्यानगर हें नांव लाभलें आहे. नांव कोणतेंही घ्या, या जिल्ह्याला दगडाची भक्ति नवी नाहीं. नेवाशास एक खांब आहे. त्यास टेकून बसून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेवरील आपली टीका सांगितली, अशी परंपरा असल्यामुळें वारकरी त्या खांबालाच मिठी मारितात. त्याला मुख नाहीं, हात नाहींत, आणि कोणाला त्याची उणीवही भासत नाहीं. शिंगणापुरास उघड्या चौथऱ्यावर शनीची काळी शिळा उभी आहे. तिला टांकीचा स्पर्श झालेला नाहीं. सिद्धटेकचा गणपति स्वयंभू म्हणून पूजिला जातो. आणि घडविलेली मूर्ति पाहावयाची तर पुन्हा नेवाशासच मोहिनीराजाच्या देवळांत जावें. तिचें रूप एखाद्या माणसास समोर बसवून उतरविलेलें नव्हे. तें ध्यानांतून आणि पुराणांतून आलेलें आहे.

या सर्वांहून निराळी अशी एक आकृति त्याच जिल्ह्यांत शिर्डीस आहे. ती शुभ्र संगमरवराची आहे. ती एका माणसाची आहे, आणि तो माणूस कसा दिसत होता हें आपल्याला ठाऊक आहे. डोक्यास गुंडाळलेलें फडकें, वाढलेली दाढी, किंचित् खोल गेलेले डोळे, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाकून बसण्याची ती ऐटबाज नव्हे पण निश्चिंत रीत, हें सारें त्या देहाला ज्यांनीं जिवंतपणीं पाहिलें त्यांच्या ओळखीचें होतें. ज्या देशांत देवाची मूर्ति घडवितांना ओळखीचा चेहरा शोधावयाचा नसतो, त्या देशांत अशी आकृति गाभाऱ्यांत कशी आली? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें असतां वाट शिर्डीहून मुंबईस आणि मुंबईहून थेट लंडनास जाते.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील शिल्पकारांना हिंदुस्थान ही मोठी पेठ लाभली होती. राज्य स्थिर झालें म्हणजे राज्यकर्त्यांस आपले चेहरे चौकाचौकांत उभे करावेसे वाटतात. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकारानें घडविलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा सन १८७२ मध्यें मुंबईस बसला. त्याचा खर्च बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनीं सोसला होता. एडगर बोम यानें प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा केला. तो १८७९ मध्यें उभा राहिला आणि मुंबईकरांनीं त्यांतल्या राजपुत्रास विसरून घोड्यालाच लक्षांत ठेविलें. ‘काळा घोडा’ हें नांव त्या जागेस आजही चिकटून आहे.

या पुतळ्यांचें मुख्य ब्रीद हुबेहूबपणा. वस्त्राची चुणी वस्त्राचीच वाटली पाहिजे, गालावरील मांस मांसाचेंच दिसलें पाहिजे. ग्रीक आणि रोमन शिल्पांच्या अभ्यासांतून ही विद्या तेथें मुरली होती. पण विद्या कितीही मोठी असली तरी येथें ती सत्तेच्या चाकरीस आली होती, आणि लोकांनीं तिला तशीच वागणूक दिली. सन १८९६ मध्यें राणीच्या त्या शुभ्र पुतळ्यास कोणीतरी डामर फांसलें आणि गळ्यांत जोड्यांची माळ घातली. हें कृत्य आपलें होतें, असें पुढें दामोदर चापेकरांनीं कबूल केलें. पुतळ्याचा अपमान करावयाचा तर त्यांतल्या माणसाची ओळख पटावी लागते. चापेकरांचें तें डामर म्हणजे नोबलच्या हुबेहूबपणास मिळालेली एक उलटी पावतीच होती.

परंतु पुतळ्यांबरोबर पुतळे घडविण्याची शाळाही आली होती. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमुळें १८५७ मध्यें मुंबईस कलाशाळा सुरू झाली. तेथें १८६५ मध्यें जॉन लॉकवुड किपलिंग हे शिल्पकार शिक्षक होऊन आले. जंगलकथा लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे ते वडील. मुलाचा जन्म त्याच वर्षाच्या अखेरीस शाळेच्या आवारांत झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावाचीं चित्रें थोरल्या किपलिंगांचीं आहेत. दहा वर्षांनीं, १८७५ मध्यें, ते लाहोरास गेले. इकडील कारागिरांच्या अंगच्या हुनराची त्यांस खरी चाड होती. तथापि एकंदर शाळेचें शिक्षण विलायती वळणाचें होतें : प्लास्टरच्या ठशांवरून रेखन, मग समोर बसलेल्या माणसावरून मातीकाम.

आपल्या जुन्या मूर्तिकाराचें शिक्षण याच्या उलट दिशेनें जात असे. त्याला तालमान शिकवीत. मुखाची लांबी हें माप धरून सारा देह किती मुखांचा करावयाचा हें ठरलेलें असे. ध्यानश्लोकांत देवाचे हात, आयुधें, आसन सांगितलेलें असे. मूर्तिकार डोळे मिटून रूप पाही. शाळेंतला विद्यार्थी डोळे उघडून पाही. एकास दोष देऊन दुसऱ्यास श्रेष्ठ ठरविण्याचें येथें कारण नाहीं. भेद मात्र खरा आहे, आणि शिर्डीच्या शिल्पांतील सारी गंमत या भेदांत आहे.

या शाळेंतून निघालेल्या आमच्या शिल्पकारांनीं ती परकी विद्या लौकरच घरची केली. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ विद्यार्थिदशेंतली. देवळास निघालेली नऊवारी नेसलेली तरुणी हा तिचा विषय. विनायकराव करमरकर हे अलिबागजवळच्या सासवण्याचे. ऑटो रोथफेल्ड या कलेक्टरानें त्यांचा हात ओळखून त्यांना शाळेंत धाडलें. पुढें ते लंडनच्या रॉयल अकॅडमींतही शिकून आले आणि १९२८ मध्यें पुण्यास त्यांचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. ज्या विद्येनें राजपुत्राचा घोडा घडविला तिनेंच महाराजांचाही घडविला. लगाम मात्र आतां निराळ्या हातांत होता.

बाळाजी वसंत तालीम हे याच पिढीचे. जन्म १८८८ चा, मृत्यु १९७० चा. शिक्षण मुंबईच्या त्याच शाळेंत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून त्यांच्या कामाचा गौरव झाला. त्यांचें ‘टकळी’ हें शिल्प जाणकारांना परिचित आहे. सूतकताईनें देशास नवी प्रतिष्ठा दिली त्या काळाचें तें शिल्प होय. मुंबईस त्यांनीं आपली शिल्पशाळा थाटली आणि ती त्यांच्या घराण्यांत पुढेंही चालली. म्हात्र्यांप्रमाणें एकाच कृतीनें ते तरुणपणीं गाजले नाहींत, कीं करमरकरांप्रमाणें एखाद्या नगराच्या चौकांत त्यांचें नांव बसलें नाहीं. वयाच्या पासष्टीच्या आसपास, जेव्हां बहुतेक कलावंत मागें वळून पाहूं लागतात, तेव्हां त्यांच्याकडे तें काम आलें ज्यावर त्यांचें सारें आयुष्य पणास लागलें.

शिर्डी हें तेव्हांच्या कोपरगांव तालुक्यांतलें खेडें. आज तें राहाता तालुक्यांत मोडतें. ता. १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं, दसऱ्याच्या दिवशीं, साईबाबांनीं देह ठेविला. नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनीं तेथें एक वाडा बांधावयास घेतला होता व त्यांत मुरलीधराची स्थापना करावी असा त्यांचा मानस होता. मुरलीधराच्या योजिलेल्या जागीं बाबांची समाधि झाली. पुढें छत्तीस वर्षें त्या समाधीपाशीं मूर्ति नव्हती; होती ती तसबीर.

ही तसबीर विसरूं नये. साईबाबा हे छायाचित्रणाच्या युगांतले संत होते. त्यांचीं थोडींच, पण खरीं छायाचित्रें आहेत. त्यांपैकीं शिळेवर बसलेल्या, पायावर पाय टाकलेल्या छायाचित्राची भक्तांना विशेष ओढ. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांनीं ‘श्रीसाईसच्चरितां’त त्या बैठकीचें ध्यान ओवीबद्ध केलें आहे. म्हणजे येथें एक अपूर्व गोष्ट घडली होती : पूर्वी ध्यानश्लोकावरून मूर्ति होई, आतां छायाचित्रावरून ध्यान झालें होतें, आणि त्या ध्यानावरून मूर्ति व्हावयाची होती.

दगड कसा आला याची एक हकीकत शिर्डींत सांगतात. इटलीहून आलेला एक पांढराशुभ्र संगमरवर मुंबईच्या बंदरांत पडून होता; तो कोणीं व कशासाठीं मागविला याचा पत्ता लागेना. शेवटीं लिलांवांत तो ज्यानें घेतला त्यानें तो शिर्डीच्या संस्थानास अर्पण केला, आणि काम तालमांकडे आलें.

या कामांत अवघड तें काय होतें, हें शिल्पकाराच्या बाजूनें पाहिलें पाहिजे. छायाचित्र सपाट असतें. तें समोरचें सांगतें, बाजूचें सांगत नाहीं. नाक किती पुढें आलें आहे, गालफडाचा खळगा किती खोल आहे, मान खांद्यांत कशी उतरते, हें सारें कृष्णधवल छायेवरून ताडावें लागतें. समोर माणूस बसवून शिकलेल्या कलावंताच्या हातीं फक्त त्या माणसाची सावली होती. त्यांतही, परीक्षक हयात होते. १९५४ मध्यें बाबांना प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें अजून पुष्कळ होतीं. त्यांना नाक चुकलेलें चाललें नसतें, आणि नाक बरोबर असून दृष्टि चुकलेली तर त्याहून चालली नसती.

रीत अशी असे. प्रथम मातीचा नमुना, मग त्याचा साचा, साच्यांतून प्लास्टरची प्रत, आणि प्लास्टरवरील एकेका बिंदूची खोली सुईच्या मापयंत्रानें घेऊन तितकेंच भोंक दगडांत पाडावयाचें. भोंकाभोंवतालचा दगड उडवीत गेलें म्हणजे आंतली आकृति हळूहळू वर येते. अखेरचा हात मात्र यंत्राचा नव्हे. यंत्र नाक देईल, कटाक्ष देणार नाहीं.

मुखावर काम अडलें असतां तालमांनीं बाबांची करुणा भाकली, तेव्हां बाबांनीं दर्शन देऊन आपला चेहरा सर्व बाजूंनीं नीट न्याहाळून घेण्यास सांगितलें, असें भक्त सांगतात. दगडांत गुडघ्याजवळ पोकळी लागली, आतां तो भाग फुटणार म्हणून कारागीर थांबले, पण आंतून आज्ञा झाल्यावर टांकी चालविली आणि नको तेवढाच तुकडा निघाला, अशीही कथा आहे. चिकित्सक वाचक येथें हंसेल. त्यानें खुशाल हंसावें; पण या कथांतील अडचणी कोठल्या आहेत तेंही पाहावें. सपाट छायाचित्रांतून सर्व बाजू कशा मिळवाव्या, आणि दगडाच्या पोटांतील पोकळीचें काय करावें, या दोन्ही शिल्पशाळेंतल्या खऱ्याखुऱ्या अडचणी आहेत. ज्यानें उभ्या आयुष्यांत डोळे उघडे ठेवून पाहण्याचीच विद्या केली, त्याला शेवटीं डोळे मिटून पाहावें लागलें, एवढा अर्थ तरी त्या कथेंतून कोणासही घेतां येईल. जुन्या मूर्तिकाराची वाट आणि विलायती शाळेची वाट त्या ठिकाणीं एकमेकींस मिळाल्या.

ता. ७ ऑक्टोबर १९५४ रोजीं, पुन्हा दसऱ्यासच, पांच फूट पांच इंच उंचीची ती आकृति समाधिमंदिरांत बसली. स्थापना स्वामी साईशरणानंदांच्या हस्तें झाली. ते पूर्वाश्रमीं वामनभाई पटेल, आणि बाबांना त्यांनीं स्वतः पाहिलेलें होतें. साक्षीदारानेंच जणूं ओळख पटवून दिली.

आतां ही आकृति पुतळा म्हणावी कीं मूर्ति? एक पक्ष म्हणेल कीं, छायाचित्रावरून केलेली, मापयंत्रानें दगडांत उतरविलेली ही वस्तु म्हणजे पुतळाच. तिच्यांत शास्त्रोक्त लक्षणें नाहींत. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. पुतळ्यास आपण पाहतो, मूर्ति आपल्याला पाहते. शिर्डीस रोज पहाटे या आकृतीस स्नान घालितात, वस्त्रें नेसवितात, आरती करितात. गंमत अशी कीं, कफनीच्या ज्या चुण्यांवर विलायती पद्धतीच्या शिल्पकाराचें सारें कसब खर्च व्हावें, त्या चुण्या रेशमी वस्त्रांखालीं झांकून जातात. भक्तांस कसब नको आहे. त्यांना फक्त चेहरा पाहिजे. त्या चेहऱ्यापुढें तक्रार मांडली असतां ऐकून घेतली जाते, असें लाखों लोकांस वाटतें. नोबलच्या राणीपुढें असें कोणास वाटलें असेल, याचा संभव नाहीं.

दोघांची नियति शेजारीं ठेवून पाहण्याजोगी आहे. दोन्ही आकृति पांढऱ्या संगमरवराच्या, दोन्ही बसलेल्या. १९६५ मध्यें मुंबईंतील राजपुरुषांचे पुतळे हलविले गेले. राणी आणि काळा घोडा भायखळ्याच्या बागेकडे रवाना झाले. सिंहासनावर बसविलेली राणी सिंहासनावरून उतरली, आणि शिळेवर बसलेल्या फकिरास भक्तांनीं सोन्याचें सिंहासन दिलें. विद्या एकच, पण एकीकडे ती सत्तेच्या सांगण्यावरून चौकांत उभी राहिली होती, दुसरीकडे लोकांच्या हाकेस ओ देऊन गाभाऱ्यांत गेली. चौकांतली उखडली गेली, गाभाऱ्यांतली रुजली. विलायती शिल्पविद्या या भूमींत खरी मुरली ती या दुसऱ्या वाटेनें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये.

आज जयपुराच्या कारखान्यांत या ध्यानाच्या मूर्ति कोरल्या जातात आणि देशोदेशींच्या देवळांत जातात. महाराष्ट्राच्या कलाशाळेंतून निघालेल्या दुसऱ्या कोणत्याही शिल्पाला इतके डोळे लाभले नसतील. आणि तरीही, रांगेंत तासन् तास उभ्या राहिलेल्यांपैकीं शिल्पकाराचें नांव विचारलें तर किती जण सांगतील? जुन्या मूर्तिकारास हा प्रश्न पडलाच नसता. आपलें नांव मूर्तीवर घालण्याची त्याची रीत नव्हती. पण तालीम ज्या परंपरेंत वाढले तींत शिल्पकार आपलें नांव कोरतो आणि इतिहास तें जपून ठेवितो. राणीचा पुतळा गेला, तरी नोबलचें नांव ग्रंथांत राहिलें. तालमांची मूर्ति राहिली, आणि नांव मात्र भक्तीच्या पुरांत वाहून गेलें. मूर्तिकाराला याहून मोठा सन्मान नाहीं, हें खरें. पण इतिहासानें या सन्मानाआड दडून आपलें कर्तव्य चुकवूं नये. देवाच्या पायांवर डोकें ठेवणाऱ्यानें नांव विसरावें, तें त्याला शोभतें. महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास लिहिणाऱ्यानें तें विसरणें शोभत नाहीं.