गांव सुटलें, आडनांव जडलें

सातपुडा आणि तापी ह्यांच्यामधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत सावदा हें एक जुनें बाजारगांव आहे. रावेर, फैजपूर, यावल हीं त्याच्या शेजारचीं गांवें. निजामाच्या ताब्यांतून १७६३ सालीं हें ठिकाण पेशव्यांकडे आलें, आणि पुढें इंग्रजी अमदानींत येथील आठवड्याचा बाजार नेमाडी व वऱ्हाडी गुराढोरांच्या विक्रीसाठीं नांवाजला गेला. अशा गांवच्या गल्ल्यांतून चालतांना दारांवरच्या पाट्या वाचाव्या. पाटील, चौधरी, महाजन हीं नांवें पावलोपावलीं दिसतील. त्यांच्या जोडीला कोल्हे, भंगाळे, फिरके, नेमाडे अशीं ह्या मुलुखाचीं खास नांवेंही भेटतील. परंतु गांवाच्याच नांवावरून झालेलें ‘सावदेकर’ हें आडनांव पाहावयाचें असेल, तर सावद्यांत हिंडण्यापेक्षां वऱ्हाड-नागपुराकडे गेलेलें बरें. गांव खानदेशांत आणि गांवाचें आडनांव दुसऱ्या प्रांतांत, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. थोडा विचार केला कीं त्यांतच आडनांवांच्या इतिहासाची किल्ली सांपडते.

आडनांव हें मुळांत एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळें ओळखण्याचें साधन होय. एका गांवांत चार गणपतराव असले, तर कोणाला त्याच्या वतनावरून, कोणाला धंद्यावरून, तर कोणाला अंगच्या खोडीवरून हांक मारली जाते. ‘सावद्याचा गणपतराव’ असें मात्र सावद्यांत कोणीच म्हणणार नाहीं. कारण तेथले चारही गणपतराव सावद्याचेच. त्यांतला एखादा चाकरीच्या निमित्तानें अकोल्यास जाऊन राहिला, म्हणजे तेथल्या लोकांना त्याची दुसरी खूण ठाऊक नसते. तो प्रथम ‘सावद्याकडचा’ होतो, मग ‘सावदेकर’. दुसऱ्या पिढीला तें नांव चिकटतें आणि तिसऱ्या पिढीला तेंच आपलें अनादि आडनांव वाटूं लागतें. ‘कर’ प्रत्यय लागलेलें आडनांव हा, अशा रीतीनें, गांव सोडल्याचा दाखला ठरतो.

जी गोष्ट माणसांची, तीच फळांची. रावेर, सावदा, यावल ह्या भागांतलीं केळीं आगगाडीनें उत्तरेकडे जाऊं लागलीं, तेव्हां तिकडच्या बाजारांत त्यांना ‘भुसावळी’ हें नांव मिळालें. खुद्द भुसावळांत त्यांना कोणी भुसावळी म्हणत नाहीं. ह्या उदाहरणांत आणखी एक मर्म आहे. बागा रावेर-सावद्याच्या, पण नांव मिळालें तें मोठ्या जंक्शनचें. कारण दिल्लीच्या गिऱ्हाइकाला भुसावळ ठाऊक, सावदा ठाऊक नाहीं. लहानशा खेड्यांतून दूरदेशीं गेलेल्या कुटुंबालाही पुष्कळदां जवळच्या मोठ्या पेठेचें नांव पडतें. म्हणून आडनांव दिशा दाखवितें. उंबरठा दाखवीलच असा भरंवसा देतां येत नाहीं.

मराठी इतिहासांतलें सर्वांत गाजलेलें असें आडनांव घ्यावयाचें तर होळकरांचें घ्यावें. नीरा नदीच्या कांठचें होळ हें त्याचें मूळ. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ सालीं तेथलाच. वडील खंडोजी वारल्यावर त्यांच्या आईनें लहानग्या मल्हारीला घेऊन आपल्या भावाचें घर गांठलें. हे मामा भोजराज बारगळ खानदेशांत तळोदें येथें राहत आणि सरदार कदम बांडे ह्यांच्या पदरीं स्वार बाळगून होते. खानदेशांतच हा मुलगा घोड्यावर बसूं लागला, पुढें मामांचा जांवई झाला, आणि शेवटीं माळव्याचा धनी झाला. होळमध्यें ‘होळकर’ म्हणून कोणाची ओळख पटणें कठीण. तळोद्यांत आणि इंदुरांत ती लगेच पटे. नीरेच्या कांठचें एक लहानसें खेडें नर्मदेच्या कांठीं राज्याचें नांव होऊन बसलें, तें त्या कुटुंबानें खेडें सोडलें म्हणून.

अगदीं अलीकडचें उदाहरण रंगभूमीचें आहे. गोमंतकांतील मंगेशी येथें १९०० सालीं जन्मलेल्या दीनानाथांनीं त्या गांवावरून मंगेशकर हें आडनांव धारण केलें. त्यांची सासुरवाड खानदेशांतल्या थाळनेरची. त्यांच्या कन्यांच्या गळ्यांतून हें नांव पुढें साऱ्या जगांत पोंचलें. गोमंतकांत राहून देवळाची सेवा करीत बसलेल्या माणसाला ह्या आडनांवाची गरज पडली नसती. गांवोगांव हिंडणाऱ्या नटाला मात्र तें शोभून दिसलें.

खानदेशांतून बाहेर गेलेल्या नांवांपैकीं ‘धुळेकर’ हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. रघुनाथ विनायक धुळेकर ह्यांचा जन्म १८९१ सालीं बुंदेलखंडांतील झांशी येथें एका मराठी कुटुंबांत झाला. भारताच्या घटना समितीचे ते सभासद होते. समितीच्या अगदीं पहिल्या दिवसांत, १९४६ सालच्या डिसेंबरांत, कामकाज हिंदुस्थानींतच चालावें असा त्यांनीं जो आग्रह धरला, तो तेव्हां चांगलाच गाजला. हिंदीचा इतका कडवा कैवारी, आणि त्याच्या नांवांत पांझरेकांठचें धुळें! पेशवाईंत झांशीस मराठी सुभेदारी होती; तिच्या आश्रयानें देशावरचीं आणि कोंकणांतलीं घराणीं तिकडे स्थायिक झालीं. त्यांच्या मुलांची भाषा पालटली, पोषाख पालटला, पण आडनांवानें आपली जागा सोडली नाहीं.

हा नियम महाराष्ट्रापुरता नाहीं. इंग्लंडांतही साधारणतः बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान गांवांवरून आडनांवें रूढ झालीं, आणि तेथेंही तीं गांवाबाहेर पडलेल्या माणसांनाच मिळालीं. जुन्या क्रिकेटच्या शौकिनांना यॉर्कशायरचा फलंदाज हर्बर्ट सटक्लिफ आठवत असेल. ‘सटक्लिफ’ म्हणजे दक्षिणेकडचा कडा. पश्चिम यॉर्कशायरच्या डोंगराळ भागांतल्या ठिकाणांवरून हें नांव निघालें आणि शतकानुशतकें त्याच परिसरांत घोटाळत राहिलें. १८९० सालीं हेन्री गप्पी नांवाच्या विद्वानानें ब्रिटनमधल्या आडनांवांच्या मूळ ठिकाणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची युक्ति मोठी मार्मिक होती. शहरांतलीं नांवें त्यानें बाजूस ठेवलीं आणि निरनिराळ्या परगण्यांतल्या शेतकऱ्यांचींच नांवें मोजलीं. कारण शेतकरी हा सर्वांत कमी हलणारा वर्ग. दुर्मिळ आडनांव जेथें शेतकऱ्यांत दाट आढळेल, तेथेंच किंवा त्याच्या आसपास त्याचा उगम असावा, असें त्याचें अनुमान. आतां १८८१ सालच्या ब्रिटिश खानेसुमारीवरून प्रत्येक आडनांवाचे नकाशे काढले गेले आहेत, आणि त्यांवरूनही दुर्मिळ आडनांवें आपल्या उगमाभोंवतीं गर्दी करून असतात हेंच दिसून येतें.

गप्पीची ही दृष्टि घेऊन पुन्हां सावद्याकडे वळावें. जमीन धरून राहिलेल्या लोकांच्या नांवांत येथें गांव दिसत नाहीं, अधिकार दिसतो. पाटील हा गांवचा मुख्य. महाजन हा पेठेचा, व्यापाऱ्यांचा मुखत्यार. चौधरी हा शब्द उत्तरेकडचा. मोगली कारभारांत परगण्याच्या प्रमुखाला तो लावीत, आणि कोठें कोठें बाजाराच्या वा धंद्याच्या प्रमुखालाही. खानदेशांत ह्या नांवाचा एवढा सुळसुळाट कां, हें भूगोलावरून उमगतें. येथून जवळच असलेलें बऱ्हाणपूर हें फारुकी सुलतानांचें राजधानीचें शहर होतें. १६०१ सालीं अशीरगड पडला, अकबरानें तें राज्य बुडविलें आणि खानदेश हा मोगलांचा सुभा झाला. दिल्ली-आग्र्याहून दक्षिणेंत उतरणारा राजमार्ग ह्या सुभ्यांतून जात असे, आणि त्या मार्गानें फौजांबरोबर दप्तराचे शब्दही उतरले. कवयित्री बहिणाबाईंचा जन्म १८८० सालीं आसोद्याच्या महाजनांच्या घरीं झाला आणि त्या जळगांवच्या चौधरींच्या घरीं सून म्हणून आल्या. त्यांच्या माहेरचें नांव पेठेचें, सासरचेंही अधिकाराचें. दोहोंतूनही कुटुंबाच्या प्रवासाचा थांग लागत नाहीं.

आणि प्रवास तर झालेला आहे. ह्या भागांतील लेवा पाटीदार समाजाची परंपरा सांगते कीं, त्यांचे पूर्वज गुजरातेंतून तापीच्या खोऱ्यांत आले. त्यांनीं नांगर धरला, वस्ती केली, पाटिलक्या मिळविल्या, आणि त्यांच्या नांवांतून गुजरात नाहींशी झाली. उलटपक्षीं, खानदेशांतल्या चोपड्यासारख्या बाजारपेठेंत ‘गुजराथी’ हेंच आडनांव आढळतें. महाराष्ट्र विधानसभेचे माजी अध्यक्ष अरुण गुजराथी हे चोपड्याचेच. गुजरातेंत सारेच गुजराथी. म्हणून तेथें हें आडनांव निरुपयोगी. ज्यानें जमीन धरली त्याला जमिनीनें नवें नांव दिलें. ज्यानें तराजू धरला त्याच्याजवळ मागल्या मुलुखाचें नांव टिकलें. हा सर्वत्र लागू पडणारा कायदा नव्हे, परंतु खानदेशच्या पाट्या वाचतांना तो बराच उपयोगीं पडतो.

पाट्यांवरच्या एका नांवाला मात्र हा कायदा लागू पडत नाहीं. तें नांव ‘नेमाडे’. सातपुड्यापलीकडचा नर्मदेचा मुलूख तो नेमाड. ‘नेमाडे’ ह्याचा सरळ अर्थ नेमाडचे. येथें ‘कर’ नाहीं, नुसता एकार आहे; पण काम तेंच. मराठी वाचकांना हें आडनांव परिचित झालें तें १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोसला’ ह्या कादंबरीमुळें. तिचे कर्ते भालचंद्र नेमाडे ह्यांचा जन्म १९३८ सालचा, यावल तालुक्यांतल्या सांगवीचा. नेमाडांत ह्या नांवानें कोणी ओळखला जाणार नाहीं. डोंगर ओलांडून खालीं उतरलें कीं तें नांव अर्थपूर्ण होतें, आणि सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशीं, शेतकऱ्यांच्या घरांत, तें टिकून राहिलें आहे. गप्पीला हें उदाहरण फार आवडलें असतें.

माणसें एवढीं हललीं कां, ह्याचें उत्तर सुखाचें नाहीं. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजेनें खानदेश लुटला. तळोद्यानें ज्या घराण्याला वाढविलें, त्याच घराण्याच्या घोड्यांनीं हा मुलूख तुडविला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. धुळें ओस पडलें आणि पुढच्या सालीं विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत ह्यांनीं तें पुन्हां वसविलें. अशा वेळीं गांव सोडून गेलेल्या माणसाला नव्या ठिकाणीं जें नांव मिळतें, तें त्याच्या सुटलेल्या घराचें असतें. पुढें आगगाडी आली. १८६७ सालीं नागपुरापर्यंत आणि १८७० सालीं जबलपुरापर्यंत मुंबईहून सलग मार्ग झाला, आणि भुसावळाहून कारकून, मास्तर, व्यापारी दोन्ही दिशांना पांगले. त्यांतल्या पुष्कळांचीं आडनांवें ह्या रुळांवरच पक्कीं झालीं.

नांव पक्कें करणारी दुसरी शक्ति म्हणजे सरकारी दप्तर. १८५२ सालीं जमिनीच्या पाहणीची पद्धत खानदेशांत आली, तेव्हां सावद्यास दहा ते पंधरा हजार लोक विरोधासाठीं जमले. अखेर फौज आणून म्होरक्यांना पकडावें लागलें. लोकांचा राग मोजणीवर आणि साऱ्यावर होता. पण पाहणी झाली, खातीं पडलीं, आणि तोंवर प्रसंगाप्रमाणें बदलणारें नांव कागदावर कायम झालें. शाळेच्या हजेरीपटानें तेंच काम घरोघर नेलें. जो त्या दिवशीं ‘पाटील’ म्हणून लिहिला गेला, त्याचीं पतवंडें आज पाटीलच आहेत.

येथेंच हानीची गोष्ट येते. ह्या भागांतल्या अनेक घराण्यांना कुळाचें एक जुनें आडनांव असतें. परंतु पाटील किंवा चौधरी लिहिण्याची रीत पडली, आणि जुनें नांव लग्नाच्या बोलण्यापुरतें उरलें. पाटलांची मुलगी पाटलांकडे द्यावयाची, तेव्हां वडील मंडळी हटकून विचारतात, “मूळचे कोणते?” हा प्रश्न सोयरीक जुळवितांना नातें तपासण्यासाठीं असतो, आणि त्याचें उत्तर ठाऊक असलेलीं माणसें दर पिढीला कमी होत जातात. दुर्मिळ आडनांव बुडालें म्हणजे एक शब्द गेला एवढेंच होत नाहीं. एक कुटुंब कोणत्या वाटेनें येथवर आलें, ह्याची एकमेव खूणही पुष्कळदां त्याबरोबर जाते.

सुदैवानें नोंदी अगदींच नाहींत असें नाहीं. वंशावळी सांगणाऱ्या भाटांच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंचीं नांवें पिढ्यान् पिढ्या लिहिलेलीं आहेत. जमिनीचे जुने उतारे आहेत. जुन्या कागदांत माणसाच्या नांवापुढें पुष्कळदां दोन रकाने भेटतात: मूळ गांव आणि हल्ली मुक्काम. कोणत्याही आडनांवाचा इतिहास ह्या दोन रकान्यांच्या मधल्या जागेंत घडलेला असतो. पाटीवर पाटील लिहिणाऱ्यानें तें खुशाल लिहावें. घरांतल्या वहींत मात्र दोन्ही रकाने भरून ठेवावे, आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे तीं माणसें असेतोंवर तें विचारून घ्यावें.