सापाची ऊब : थंड देशांतला इतिहास, नागपूरचा उन्हाळा

साप थंड रक्ताचा, असे आपण शाळेत शिकलो. शब्द फसवा आहे. सापाचे रक्त ऊन-सावलीप्रमाणे तापते आणि निवते. अंगात पुरेशी उष्णता तयार होत नसल्याने गिळलेले भक्ष्य पचवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. म्हणून साप पेटीत ठेवला की त्याच्या उबेची जबाबदारी माणसावर येते. ती माणसाने कशी पेलली, याच्या नोंदी मी काही वर्षे जमवतो आहे. त्या बहुतेक थंड देशांतल्या आहेत, आणि आपल्याकडची अडचण तिथूनच सुरू होते.

पहिला मोठा वाद मात्र हिंदुस्थानातल्या अजगरावरून झाला. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते, असे निरीक्षण लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३० च्या दशकात पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडले. ते फेटाळले गेले. १८४१ मध्ये व्हॅलेन्सिएन यांनी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अशाच मादीच्या वेटोळ्यात तापमापक ठेवला, तेव्हा पारा भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी वर गेला. स्नायू सतत आकुंचन पावून ही उष्णता निर्माण होते, हे १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील अभ्यासातून स्पष्ट झाले. पण हा अपवाद अंडी उबवण्यापुरता. एरवी अजगरही बाहेरच्या उबेवरच जगतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सर्पगृह उघडले. पुढे १९२७ मध्ये तिथे नवे सर्पगृह उभे राहिले ते जोन प्रॉक्टर या विदुषीच्या आराखड्यावर. त्यांनी विजेच्या साहाय्याने पिंजऱ्यात ठरावीक जागाच तापवण्याची सोय केली. म्हणजे साप हवे तेव्हा उबेला येणार, नको तेव्हा दूर जाणार.

या कल्पनेला शास्त्राचा भक्कम आधार १९४४ मध्ये मिळाला. कोल्स आणि बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले सरडे व साप तपासले. हे प्राणी उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात सरकत आपले तापमान सांभाळतात, आणि त्यांना मानवणारे व मारणारे तापमान यांत अंतर थोडेच असते, असे त्यांनी दाखवले. गारुड्याच्या टोपलीत सापाला नेमकी हीच सरकायची मुभा नसते.

आता नागपूर. इथे डिसेंबर २०१८ अखेर पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तर मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर चढला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी साप घरात पाळता येत नाहीत. जे पाळले जातात ते बॉल पायथनसारखे परदेशी, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजातींची नोंदणी आवश्यक आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या या सापाला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश मानवतात. लंडनमध्ये अवघड असते ते पहिले टोक. नागपूरच्या मे महिन्यात अवघड असते ते दुसरे.

म्हणून दिवा, सिरॅमिक हीटर की तळाची हीट मॅट, हा वाद मला दुय्यम वाटतो. साधन कोणतेही असो, ते थर्मोस्टॅटला जोडलेले हवे, पेटीच्या एकाच बाजूला हवे आणि सापाचे अंग थेट चिकटणार नाही असे हवे. तापणाऱ्या दगडावर साप भाजेपर्यंत पडून राहतो, हे पाळणाऱ्यांनी अनेकदा पाहिले आहे. हिवाळ्याच्या रात्री हे साधन सापाला जगवेल. एप्रिल लागला, खोलीच तिशी ओलांडू लागली की ते बंद करून कूलरची सोय पाहावी लागेल.

परदेशी पुस्तकांतून आपण तापवण्याची साधने घेतली. प्रॉक्टर आणि कोल्स-बोगर्ट यांच्याकडून घेण्यासारखी खरी गोष्ट वेगळी होती : सापाला जिथे सरकता येईल, अशी गार जागा.